स्टार फॉक्स (१९९३ मधील व्हिडिओ गेम)

स्टार फॉक्स हा निन्टेन्डो या जपानी कंपनीने सुपर निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टिम (जपानमध्ये सुपर फॅमिकॉम) या गृह-कन्सोलसाठी प्रकाशित केलेला अंतराळयुद्धाचा व्हिडिओ गेम आहे. तो २१ फेब्रुवारी १९९३ रोजी जपानमध्ये आणि त्याच वर्षी उत्तर अमेरिका व युरोपमध्ये उपलब्ध झाला. युरोपात तो 'स्टारविंग' या नावाने विकला गेला. निन्टेन्डो आणि अर्गोनॉट सॉफ्टवेअर ही ब्रिटिश कंपनी यांनी संयुक्तपणे त्याची निर्मिती केली. कार्ट्रिजमध्येच बसवलेल्या 'सुपर एफएक्स' या सहायक प्रोसेसरचा उपयोग करणारा हा पहिला गेम होय. त्रिमितीय बहुभुजांनी रेखाटलेली दृश्ये घरच्या दूरचित्रवाणी संचावर लोकप्रिय करणाऱ्या आरंभीच्या गेममध्ये त्याची गणना होते.

कथानक

गेमची कथा लायलॅट या काल्पनिक ग्रहमालेत घडते. कॉर्नेरिया ग्रहावरून हद्दपार केलेला अँड्रॉस हा शास्त्रज्ञ व्हेनम ग्रहावर सैन्य उभारून कॉर्नेरियावर आक्रमण करतो. त्याला तोंड देण्यासाठी जनरल पेपर 'स्टार फॉक्स' या भाडोत्री वैमानिकांच्या तुकडीला पाचारण करतो. फॉक्स मॅक्लाउड हा कोल्हा तुकडीचा प्रमुख असून फाल्को लोम्बार्डी हा पक्षी, पेपी हेअर हा ससा आणि स्लिपी टोड हा बेडूक हे त्याचे सहकारी आहेत. चौघेही 'आरविंग' नावाची लढाऊ याने चालवतात. खेळाडूकडे फॉक्सच्या यानाचे नियंत्रण असते.

खेळण्याची पद्धत

बहुतेक टप्प्यांत यान ठरलेल्या मार्गावरून आपोआप पुढे जाते. खेळाडू त्याला पडद्याच्या मर्यादेत वर-खाली व डावी-उजवीकडे वळवू शकतो. मागे फिरणे शक्य नसते. वेग काही काळ वाढवता किंवा कमी करता येतो. मात्र त्यासाठीची शक्ती मर्यादित असते आणि वापरानंतर ती हळूहळू भरून येते. नियंत्रकाच्या वरच्या कडेला असलेल्या 'एल' व 'आर' या बटणांनी यान एका कुशीवर कलते, त्यामुळे अरुंद फटींतून जाणे सोपे होते. यांपैकी एखादे बटण लागोपाठ दोनदा दाबल्यास यान स्वतःभोवती गिरकी घेते आणि शत्रूच्या गोळ्या परतवल्या जातात.

यानाला लेसर तोफ आणि मोजके बॉम्ब दिलेले असतात. वाटेत मिळणाऱ्या वस्तूंमुळे तोफेची ताकद वाढते, तर कड्यांमधून गेल्यास ढालीची झीज भरून निघते. इमारती किंवा खांबांना घासल्यास यानाचा पंख तुटू शकतो. पंख गमावलेल्या यानाची वाढीव तोफही जाते. म्हणूनच पुढच्या टप्प्यांत टिकून राहण्यासाठी अचूक नेमाइतकेच सावध उड्डाणही आवश्यक ठरते. ग्रहांवरील टप्प्यांत यान पाठीमागून दिसते. अंतराळातील टप्प्यांत मात्र वैमानिकाच्या आसनावरून दिसणारे दृश्यही निवडता येते.

सहकाऱ्यांचे रक्षण हा खेळाचा महत्त्वाचा भाग आहे. शत्रूने पाठलाग केल्यास सहकारी मदतीची हाक देतात. वेळीच मदत न मिळालेले यान पाडले जाऊ शकते आणि तो वैमानिक उरलेल्या खेळात परत येत नाही. चुकून त्यांच्यावरच गोळीबार झाल्यास ते तक्रार करतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी नष्ट केलेल्या शत्रूंची टक्केवारी व सहकाऱ्यांच्या ढालींची स्थिती दाखवली जाते.

कॉर्नेरियापासून व्हेनमपर्यंत चढत्या काठिण्याचे तीन मार्ग असून त्यांपैकी एक सुरुवातीलाच निवडावा लागतो. पहिल्या मार्गात लघुग्रहांचा पट्टा व शत्रूचे अंतराळ आरमार, दुसऱ्यात टायटेनिया आणि तिसऱ्यात फॉर्च्युना व मॅकबेथ हे ग्रह लागतात. यांखेरीज कृष्णविवर आणि 'आउट ऑफ धिस डायमेन्शन' हे गुप्त टप्पेही आहेत.

निर्मिती

जेझ सॅन यांनी स्थापन केलेल्या अर्गोनॉटने १९८६ मध्ये 'स्टारग्लायडर' हा त्रिमितीय उड्डाणाचा गेम केला होता. पुढे या कंपनीने निन्टेन्डोच्या गेम बॉयसाठी 'एक्स' हा गेम तयार केला. तो १९९२ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झाला. सुपर निन्टेन्डोचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ गतीने चालत असे. त्याची रचना सपाट चित्रे हलवण्यास अनुकूल होती, परंतु बहुभुजांचे गणित त्याला पेलणारे नव्हते. यावर उपाय म्हणून कन्सोलमध्ये बदल न करता प्रत्येक कार्ट्रिजमध्ये वेगळा प्रोसेसर देण्याची कल्पना पुढे आली. अर्गोनॉटच्या अभियंत्यांनी तयार केलेली 'सुपर एफएक्स' चिप १० मेगाहर्ट्झहून किंचित अधिक गतीने चालत असे. ती बहुभुज रेखाटून चित्र कार्ट्रिजमधील स्मृतीत साठवी व तेथून ते कन्सोलच्या चित्रस्मृतीत पाठवले जाई.

या हस्तांतरणाला वेळ लागत असल्याने दृश्याभोवती काळी चौकट ठेवण्यात आली. चित्रेही सेकंदाला साधारण १५ ते २० एवढीच बदलत. यान ठरावीक मार्गावर ठेवल्यामुळे एका वेळी किती वस्तू रेखाटायच्या यावर निर्मात्यांना नियंत्रण ठेवता आले. वस्तूंवर तपशीलवार चित्रण शक्य नसल्याने इमारती, याने व शत्रू मोजक्या रंगीत पृष्ठभागांनी उभे केलेले आहेत.

शिगेरू मियामोतो निर्माते आणि कात्सुया एगुची दिग्दर्शक होते. अर्गोनॉटचे डिलन कथबर्ट, जाइल्स गोडार्ड व क्रिस्टर वोम्बेल या प्रोग्रामरांनी क्योतो येथे निन्टेन्डोच्या चमूबरोबर काम केले. पात्रांचे रेखाटन ताकाया इमामुरा यांचे, तर संगीत हाजिमे हिरासावा यांचे आहे. नायक म्हणून कोल्हा निवडताना मियामोतो यांच्यासमोर क्योतोतील फुशिमी इनारी हे देवस्थान होते. तेथे इनारी देवतेचे दूत मानल्या जाणाऱ्या कोल्ह्यांच्या मूर्ती असून तोरी नावाच्या कमानींच्या लांबच लांब रांगा आहेत. खेळातील कमानींखालून उड्डाण करण्याच्या प्रसंगांशी या रांगांचा संबंध जोडला जातो.

पुढील वाटचाल

'स्टार फॉक्स २' या पुढील भागात ठरलेल्या मार्गाऐवजी मुक्त उड्डाण होते. तो जवळपास पूर्ण झालेला असताना निन्टेन्डोने त्याचे प्रकाशन रद्द केले, कारण अधिक सक्षम त्रिमितीय कन्सोल बाजारात येऊ लागले होते. अखेर २०१७ मध्ये सुपर निन्टेन्डोच्या छोट्या पुनरावृत्तीसोबत तो अधिकृतपणे उपलब्ध झाला. दरम्यान १९९७ मध्ये निन्टेन्डो ६४ साठी 'स्टार फॉक्स ६४' प्रकाशित झाला. त्यात मूळ कथा नव्याने मांडली असून नियंत्रकाला जोडायच्या 'रंबल पॅक' या कंप निर्माण करणाऱ्या उपकरणाचा वापर करण्यात आला.

कथबर्ट यांनी २००१ मध्ये क्योतो येथे क्यू-गेम्स ही कंपनी स्थापन केली. तिने निन्टेन्डो डीएससाठी 'स्टार फॉक्स कमांड' (२००६) या गेमची निर्मिती केली. सुपर एफएक्स चिप व तिची सुधारित आवृत्ती 'स्टंट रेस एफएक्स' आणि 'योशीज आयलंड' यांसारख्या इतर गेममध्येही वापरली गेली. मूळ स्टार फॉक्स २०१९ पासून निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या सेवेच्या सदस्यांना उपलब्ध आहे.