चार वर्गांची कुळकथा

रत्नागिरीचा पिनकोड 415612. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेत बसत नाही, तीन वर्गांच्याही नाही. चार घेतले की बसते: 644, 26, 14 आणि 2 यांचे वर्ग मिळवून पाहा. तिला 4 ने भागले की 103903 येतात आणि त्यांना 8 ने भागले की बाकी 7. ज्या संख्यांना तीन वर्ग पुरत नाहीत त्या नेमक्या अशाच घडणीच्या, म्हणजे 4 ने जितक्या वेळा भाग जाईल तितक्या वेळा भागल्यावर (किंवा न भागताही) 8 ने बाकी 7 देणाऱ्या, हे लजांद्रने 1798 मध्ये सांगितले. चारांहून जास्त वर्ग मात्र कोणत्याच संख्येला लागत नाहीत. ती सिद्धता लाग्रांजची, 1770 ची.

तिचा कणा गुणाकारात आहे. दोन संख्या चार-चार वर्गांत मांडता आल्या तर त्यांचा गुणाकारही तसाच मांडता येतो. मग फक्त मूळ संख्या तपासायच्या. हे सूत्र ऑयलरने 1748 मध्ये दिले. दोन वर्गांचे सूत्र त्याहून कितीतरी जुने. 5 म्हणजे 1 + 4, 13 म्हणजे 4 + 9. त्यांचा गुणाकार 65, तो 1 + 64 आणि 16 + 49 असा दोन तऱ्हांनी फुटतो. हे डायोफँटसला ठाऊक होते.

वर्गाला गुणक लावून हीच युक्ती सर्वसाधारण केली ती ब्रह्मगुप्ताने, 628 मध्ये. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 1896 च्या आपल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात या गणितज्ञाची मराठीत ओळख करून दिली. ब्रह्मगुप्ताचा प्रश्न असा: 92 पट वर्गात 1 मिळवून वर्ग कधी होतो? 92 मध्ये 8 मिळवले की 100, म्हणजे 10 चा वर्ग. 1 आणि 10 या जोडीची तिच्याशीच भावना करायची: वज्राभ्यासाने, म्हणजे तिरपे गुणून, बेरीज घेतली की 20 आणि 92 व 100 यांची बेरीज केली की 192 येतात, क्षेप (म्हणजे मिळवायची संख्या) 8 चा वर्ग 64. 8 ने भागले की अडीच आणि 24, क्षेप 1. पुन्हा एकदा भावना केली की उत्तर हाती: 120 आणि 1151. एवढ्या थोड्या आकडेमोडीत इतका अवघड प्रश्न सुटताना पाहून मी आजही थक्क होतो. भास्कराचार्यांनी 1150 च्या बीजगणितात याच वाटेने, चक्रवाल या फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जाणाऱ्या रीतीच्या साहाय्याने, 61 चा प्रश्न सोडवला. त्यातला मोठा आकडा 1766319049 आहे.

तरी ऑयलरने ही युक्ती इथून नेली, हे म्हणणे मला पटत नाही. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचा कोलब्रुकने केलेला इंग्रजी अनुवाद 1817 चा. गाउसने वर्गरूपांच्या संयोगाचे शास्त्र 1801 मध्येच उभे केले होते. एका कुळाच्या या दोन शाखा एकमेकींना न भेटता वाढल्या.

पुढे 1917 मध्ये रामानुजनने चार वर्गांना वेगवेगळे गुणक लावून सर्व संख्या देणारी 55 रूपे मांडली. त्यांतले 1, 2, 5, 5 हे गुणकांचे रूप चुकीचे निघाले. त्यातून 15 मिळत नाही. आणि मंजुल भार्गव यांनी 2000 मध्ये नव्या, सोप्या सिद्धतेने पक्के केलेला नियमही 15 वरच थांबतो: असे धन गुणकांचे रूप 1 ते 15 देत असेल तर ते सगळ्याच संख्या देते.