तिळाच्या तेलातलं औषध

तीळ म्हटलं की आपल्याला संक्रांत आठवते. पण स्किझोफ्रेनियाच्या इतिहासातही तिळाच्या तेलाला जागा आहे बरं का!

१९५२ साली पॅरिसमध्ये दले आणि देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं. वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं घरी जाऊ शकतील असं वाटू लागलं. जायचीही. पण घरी गोळ्या सुटायच्या. कुणी जिभेखाली दडवायचं, कुणी "मी बरा आहे, गोळी कशाला?" म्हणायचं (हे वाटणं बऱ्याचदा आजाराचाच भाग असतं). की परत वॉर्ड, परत खर्च.

यावर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तोडगा निघाला. फ्लुफेनाझिन या औषधाला एका मेदाम्लाची जोड देऊन ते तिळाच्या तेलात विरघळवलं. स्नायूत टोचलं की हळूहळू रक्तात उतरतं, दोन ते चार आठवडे पुरतं. त्रास झाला तर मात्र काढून घेता येत नाही. हातपाय कडक होणं, कंप हे भोगावंच लागतं.

ब्रिटनला हे फारच सोयीचं होतं. आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी १९६१ सालीच जाहीर केलं होतं की पंधरा वर्षांत मनोरुग्णालयांतल्या निम्म्या खाटा लागणार नाहीत. खाट हाच सगळ्यात मोठा खर्च! १९७३ साली तिथल्या एका चाचणीत निम्म्यांना औषधाचं, निम्म्यांना नुसतंच इंजेक्शन दिलं. नऊ महिन्यांत नुसतं घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांचा आजार उलटला, औषधवाल्यांपैकी ८ टक्क्यांचा.

म्हणजे औषध हवंच, यात वाद नाही. पण गोळीपेक्षा इंजेक्शन स्वस्त पडतं का? इथे गंमत आहे. त्याच रुग्णाचे आधीचे नि नंतरचे दिवस मोजले तर रुग्णालयातले दिवस घटलेले दिसतात. पण इंजेक्शन सुरू होतं ते बहुधा माणूस अगदी वाईट अवस्थेत असताना. त्यातून थोडं सावरणं तसंही होतंच. २०११ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटणी करून पाहिलं, तर रिस्पेरिडोनचं महागडं इंजेक्शन आणि गोळ्या यांत रुग्णालयात परत येण्याच्या बाबतीत खास फरक नाही. २०१४ साली हॅलोपेरिडोलचं जुनं, स्वस्त इंजेक्शन (हेही तिळाच्या तेलातलंच) पॅलिपेरिडोनच्या नव्याशी ताडून पाहिलं. परिणाम साधारण सारखाच, किंमत नव्याची कितीतरी पट. दुष्परिणाम तेवढे वेगळे: जुन्याने अस्वस्थपणा, नव्याने वजन.

मला वाटतं, चाचणीत गोळ्यावाल्यांचीही नियमित विचारपूस होते, म्हणून त्यांच्या गोळ्या सुटत नसाव्यात. घरात ते काम आईचं असतं, आणि तिचे तास बहुतेक हिशेबांत धरतच नाहीत. ब्रिटनमध्ये इंजेक्शनच्या निमित्ताने नर्स दर दोन-तीन आठवड्यांनी घरी यायची. जेवतोस का, झोपतोस का, विचारायची.

२०२१ पासून अमेरिकेत सहा महिन्यांतून एकदाच घ्यायचं इंजेक्शन मिळतं. नर्सच्या फेऱ्या वाचल्या, हे बचतीत धरायचं की तोट्यात?