काळे कुंकू

जुन्या वाड्यांतील तसबिरींत सवाष्णीच्या कपाळावरचे कुंकू काळेभोर दिसते. छायाचित्र रंगीत नाही, म्हणून कुंकू काळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो आम्हांस पुरता पटत नाही. निळे आकाशही त्याच जातीच्या छायाचित्रांत पांढरेफटक उतरते. मग तांबड्यावरच हा राग का?

कारण रसायनात आहे. चांदीच्या क्षारांना मुळात निळ्या-जांभळ्या प्रकाशाचीच जाण असते. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञाने त्यांत रंजकद्रव्य मिसळून हिरवा-पिवळा प्रकाशही टिपता येतो, असे दाखविले. त्यातून ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा निघाल्या. पण तांबड्याच्या बाबतीत त्या आंधळ्याच राहिल्या. तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या ‘पँक्रोमॅटिक’ काचा इंग्लंडात १९०६ साली विक्रीस आल्या. तरीही छायाचित्रकारांनी ऑर्थोची संगत लवकर सोडली नाही. ती तांबड्या दिव्याखाली, डोळ्यांदेखत धुता येई. पँक्रोमॅटिकला मिट्ट काळोख हवा.

या सोयीची किंमत आपल्या चेहऱ्यांनी मोजली. गव्हाळ वा सावळ्या कातडीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्याचा वाटा मोठा. तोच काचेला दिसला नाही की माणूस आहे त्याहून काळा उतरतो, ओठ काळवंडतात, देवीचे व्रण उठून दिसतात. मग तोंडाला पावडर लावा, नाहीतर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवा! अमुक पुरुष काळेसावळे होते, असे केवळ छायाचित्रावरून लिहिणाऱ्या चरित्रकाराने आधी काच कोणती होती हे विचारावे.

आपल्या मावळाला ही विद्या परकी नाही. औंढ्याच्याच मुलखात, मळवलीस, राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना होता. गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा केलेल्या आणि पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी त्या छापखान्यासाठी काम केले, लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके घरीच करीत. चित्रपट आठवताना त्यांच्या रसायनात भिजलेल्या हातांची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही, हे खरे.

पुढे पँक्रोमॅटिक फिल्म रुळली, तरी एक पेच उरलाच. पांढरेशुभ्र पागोटे आणि सावळा चेहरा एकाच चौकटीत! चेहरा साधावा तर पागोट्याच्या घड्या पुसल्या जातात. पागोटे सांभाळावे तर डोळे खोबणीत बुडतात. कसबी माणूस चेहऱ्यासाठी भरपूर प्रकाश देई आणि डेव्हलपरमध्ये फिल्म नेहमीपेक्षा थोडा कमी वेळ ठेवी. चेहऱ्याचा गडद भाग निगेटिव्हवर लवकर उमटून जवळपास थांबतो. पागोट्याचा उजळ भाग मात्र अधिकाधिक दाट होत जातो. म्हणून मिनिटे कमी केली की पागोटे आवरते, चेहऱ्याचे फारसे बिघडत नाही. फिल्म मध्यम वेगाची असली तर दाणाही बारीक येतो.

पण ही मिनिटे वीस अंश उष्णतामानाची. वैशाखात पाणी तीसवर गेले की डेव्हलपर घाई करतो, जिलेटिन फुगते, कडेने सुटूही लागते. तेव्हा रात्री उशिरा काम करावे, बशा बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात, आणि डेव्हलपरनंतर फिल्म क्रोम तुरटीच्या पाण्यातून काढून मगच हायपोत सोडावी.