शिक्षक जेव्हा शिक्षकाला विकतो

'चौथीच्या मुलांना अपूर्णांक समजावण्यासाठी एखादी सोपी कृतिपत्रिका कुणाकडे आहे का?' शिक्षकांच्या कोणत्याही ऑनलाइन गटात रात्री नऊनंतर असा प्रश्न हमखास दिसतो. दुसऱ्या दिवशीचे टाचण अर्धवट राहिलेले असते आणि विचारणाऱ्याला घाई असते. उत्तरे येऊ लागतात. कुणी आपल्या हस्ताक्षरातील कागदाचे छायाचित्र पाठवतो, कुणी कागदाच्या घड्यांची युक्ती सांगतो, तर कुणी 'हे पाहा, फार उपयुक्त आहे' असे म्हणत नुसता एक दुवा टाकून मोकळा होतो. दुवा उघडल्यावर पैसे भरण्याचे पान समोर येते. साहित्याचा कर्ता म्हणून तिथे नाव असते ते दुवा टाकणाऱ्याचेच! रक्कम पन्नास रुपयांचीही नसेल, तरी विचारणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते.

शिक्षकाने आपले साहित्य विकावे की नाही, हा वाद जुना आहे व तो मिटण्याची चिन्हे नाहीत. रात्री जागून तयार केलेल्या कामाचा मोबदला मागण्यात गैर काही नाही. मात्र सहकाऱ्यांच्या गटात विक्री करण्याचे काही संकेत आहेत आणि ते पाळले गेले नाहीत, तर गटातील मोकळी देवाणघेवाण आटते. लोक प्रश्न विचारणे बंद करतात, कारण प्रत्येक उत्तरामागे दुकान असेल, अशी शंका येऊ लागते.

न्यूयॉर्कपासून सुरुवात

या व्यवहाराला संघटित रूप आले ते अमेरिकेत. न्यूयॉर्क शहरातील शाळेत शिकवलेल्या पॉल एडेलमन यांनी २००६ मध्ये 'टीचर्स पे टीचर्स' हे संकेतस्थळ सुरू केले. टाचणे, कृतिपत्रिका, चाचण्या शिक्षकांनी बनवायच्या, किंमतही त्यांनीच ठरवायची आणि संकेतस्थळाने विक्रीतून आपला वाटा घ्यायचा, अशी ही योजना. जॉर्जिया राज्यातील बालवर्गाच्या शिक्षिका डिअॅना जंप यांची या संकेतस्थळावरील कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्याची बातमी २०१२ मध्ये गाजली आणि मग विक्रेत्या शिक्षकांची रीघ लागली. २०२३ मध्ये 'आयएक्सएल लर्निंग' या कंपनीने हे संकेतस्थळ विकत घेतले. ब्रिटनमधील 'टेस'नेही विनामूल्य साहित्याच्या जोडीने विक्रीची सोय केली. याच्या उलट दिशेचा प्रयत्न म्हणजे 'शेअर माय लेसन'. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही शिक्षक संघटना व 'टेस' यांनी मिळून २०१२ मध्ये तो सुरू केला आणि तेथील साहित्य विनामूल्य ठेवले.

विकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. समोरचा ग्राहक बहुतेक वेळा शाळा नसून शिक्षक असतो आणि पैसे त्याच्या पगारातून जातात. अमेरिकी शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राने केलेल्या सर्वेक्षणानुसार २०१४-१५ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांतील ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी पदरमोड केली होती. खर्च करणाऱ्यांची सरासरी ४७९ डॉलर भरली. खडूपासून कार्डशीटपर्यंत सारे स्वतः आणणाऱ्या आपल्याकडच्या गुरुजींना हे आकडे वाचून आश्चर्य वाटेल की दिलासा, हे सांगणे कठीण!

आधी उत्तर, मग दुवा

पहिला संकेत साधा आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच, पूर्ण द्यावे. अपूर्णांक शिकवण्याची युक्ती कुणी विचारली असेल, तर ती चार ओळींत सांगावी आणि त्यानंतर विकत मिळणाऱ्या साहित्याचा उल्लेख करावा. दुवा न उघडताही वाचणाऱ्याचे काम भागले पाहिजे. अर्धे सांगून 'बाकीचे पीडीएफमध्ये' म्हणणे ही फेरीवाल्याची युक्ती झाली. खरे तर चांगला फेरीवालाही आधी आंब्याची फोड हातावर ठेवतो.

दुसरा संकेत अधिक महत्त्वाचा आहे. साहित्य आपले आहे व त्याला किंमत आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. 'मी तयार केलेला अपूर्णांकांचा वीस पानांचा संच आहे, किंमत चाळीस रुपये. पहिली पाच पाने विनामूल्य पाहता येतील' एवढे लिहिले की कुणाचीही तक्रार उरत नाही. 'माझ्या मैत्रिणीने बनवले आहे' असे म्हणून स्वतःचेच विकणे, दुसऱ्या नावाने खाते उघडून प्रश्न विचारणे व पहिल्या खात्यावरून त्याला उत्तर देणे, ओळखीच्या चौघांकडून 'अप्रतिम!' असे अभिप्राय लिहवून घेणे, हे प्रकार उघडकीस आले की विक्रेत्याचे नाव कायमचे जाते. गट लहान असतात आणि त्यांची स्मरणशक्ती दांडगी असते.

जाहिरात किती करावी, याला 'रेडिट' या संकेतस्थळावर एक ढोबळ माप रुळले होते. दहा वेळा लिहावे, त्यांतील एखाद्याच वेळी स्वतःच्या मालाविषयी असावे. शिक्षकांच्या काही गटांत जाहिरातीसाठी आठवड्यातील एक वार राखून ठेवतात, काहींत पूर्ण बंदी असते. नियम वाचावेत, नसतील तर गटप्रमुखाला विचारावे. प्रश्न विचारणाऱ्याला परस्पर खासगी संदेश पाठवून गाठणे मात्र कुठेच शोभत नाही. गटप्रमुख स्वतःच विक्रेता असेल, तर इतरांचे दुवे काढून आपले ठेवण्याचा मोह त्याने टाळला पाहिजे.

साहित्याच्या गुणवत्तेविषयीही हात आखडता घेऊनच बोलावे. तारांकित अभिप्राय हा काही पुरावा नव्हे. अमेरिकेतील फोर्डहॅम इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये अशा संकेतस्थळांवरून सर्वाधिक उतरवून घेतलेल्या माध्यमिक स्तरावरील इंग्रजीच्या साहित्याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, तेव्हा त्यांतील बहुतांश साहित्य वापरण्याजोगे नसल्याचा निष्कर्ष निघाला.

माल कोणाचा?

सर्वांत कटू वाद होतात ते मालकीवरून. गटात कुणीतरी विनामूल्य दिलेली कृतिपत्रिका मुखपृष्ठ बदलून विकायला ठेवली जाते आणि मूळ कर्त्याला ते अपघातानेच कळते. मोठ्या कंपन्यांचीही यात फजिती झाली आहे. जून २०१६ मध्ये 'अॅमेझॉन'ने 'इन्स्पायर' हे शिक्षकांसाठीचे संकेतस्थळ जाहीर केले. आपले विक्रीचे साहित्य तेथे परस्पर चढवले गेल्याची तक्रार शिक्षकांनी केली व कंपनीला लगेचच काही साहित्य काढून घ्यावे लागले.

स्वतः तयार केलेले साहित्यही कायद्याने स्वतःचे असेलच असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील एका शिक्षकाच्या प्रकरणात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये असा निकाल दिला की, नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या चाचण्या व प्रश्नसंचांवर शाळा प्रशासनाची मालकी असते. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्येही नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा मानला आहे. याच कायद्याच्या कलम ५२ने शिकवण्याच्या ओघात उतारे वापरण्याची मुभा शिक्षकाला दिली आहे. पण ती वर्गापुरती. 'बालभारती'च्या पुस्तकातील चित्रे व धडे उचलून बनवलेला संच विकायला काढला, की ती मुभा मागे राहते आणि परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रातील चित्र काहीसे वेगळे आहे. येथील 'तंत्रस्नेही' शिक्षकांनी गेल्या दशकभरात पीडीएफ, चाचण्या, निकालपत्रकांच्या एक्सेल फायली, एवढेच काय, आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीसुद्धा बहुतांशी विनामूल्य वाटल्या. रणजितसिंह डिसले यांनी २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील सहकाऱ्यांना वाटून दिली, ती याच परंपरेला धरून होती. त्यामुळे येथे किंमत लावणाऱ्याकडे थोडे वाकड्या नजरेने पाहिले जाते. ते अन्यायाचे असले तरी विक्रेत्याने गृहीत धरावे.

येथील खरी अडचण अधिकाराच्या उतरंडीची आहे. केंद्राच्या ज्या व्हॉट्सअॅप गटावर परिपत्रके येतात, त्याच गटावर केंद्रप्रमुखांनी किंवा मुख्याध्यापकांनी आपल्या सराव संचाची जाहिरात टाकली, तर हाताखालचा शिक्षक 'नको' कसे म्हणणार? अशा गटात वरिष्ठांनी विक्री करूच नये. पालकांच्या गटाला तर हा नियम दुपटीने लागू होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने शिक्षकांच्या खासगी शिकवण्यांना मनाई केली आहे. सराव संच म्हणजे शिकवणी नव्हे, हे मान्य. पण ज्याच्या हाती मुलाचे गुण आहेत, त्याच्याकडून संच 'स्वेच्छेने' घेतला, असे कोणता पालक छातीठोकपणे सांगेल? सरकारी व जिल्हा परिषदेच्या सेवेत असणाऱ्यांना वर्तणूक नियम लागू असतात. विक्री सुरू करण्यापूर्वी लेखी परवानगीची विचारणा करून तिची प्रत जपून ठेवणे श्रेयस्कर.

एखाद्या कंपनीचे अॅप शिक्षकाने गटात सुचवले आणि त्याबदल्यात त्याला मानधन, मोफत वर्गणी किंवा प्रत्येक नोंदणीमागे दलाली मिळत असेल, तर ते उघड करणे आता केवळ सौजन्य राहिलेले नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच ब्लॉगलेखकांपर्यंत हा नियम आणला. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी तसे मार्गदर्शन जारी केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

विकत घेणाऱ्यालाही पथ्ये आहेत, ती सोयीस्करपणे विसरली जातात. 'टीचर्स पे टीचर्स'वरील खरेदी सहसा एका शिक्षकापुरती असते. सहकाऱ्यासाठी हवे असल्यास जादा परवाना सवलतीत मिळतो. आपल्याकडे चाळीस रुपयांना घेतलेली पीडीएफ तासाभरात अडीचशे जणांच्या गटात पोहोचते आणि वर 'सर्वांच्या उपयोगासाठी' अशी टीपही असते. अशी फाईल गटात आली, तर गटप्रमुखाने ती काढावी, पाठवणाऱ्याला सर्वांसमोर न खजील करता खासगीत सांगावे आणि मूळ कर्त्याचा दुवा त्याच्या नावासह द्यावा. आवडली नाही म्हणून जाहीर टीका करण्याआधी एकदा कर्त्याशी बोलावे; चूक असेल तर तो बहुधा त्याच रात्री दुरुस्त प्रत पाठवतो.