तहाची सही आणि लोकांची संमति

राजानें कर मागावा व प्रजेच्या प्रतिनिधींनीं त्याचें कारण विचारावें, या झगड्यांतूनच पार्लमेंटची सत्ता वाढली, हें इतिहासाच्या वाचकांस सांगणें नको. परंतु खर्चाची मर्यादाच जेव्हां अनेक राष्ट्रें मिळून एखाद्या तहानें ठरवितात, तेव्हां तें कारण कोणीं व कोणास विचारावयाचें? युरोपांतील २०१२ च्या आर्थिक तहानें हा प्रश्न उभा केला.

त्या वर्षीं २ मार्च रोजीं युरोपीय संघाच्या २७ राष्ट्रांपैकीं २५ राष्ट्रांनीं तहावर सह्या केल्या. ब्रिटन व चेक प्रजासत्ताक अलग राहिले. तेजीमंदीचा परिणाम वजा जातां अंदाजपत्रकांत उरणारी तूट सामान्यतः राष्ट्रीय उत्पादनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक नसावी, व हा निर्बंध प्रत्येकानें आपल्या कायद्यांत, शक्य तर घटनेंतच, घालावा, हें त्यांतील मुख्य कलम. युरो चलनाच्या १७ राष्ट्रांपैकीं १२ राष्ट्रांची मान्यता मिळाली कीं तह अमलांत यावयाचा होता. अर्थात् एखाद्याच्या नकारानें तो अडणार नव्हता.

हा तह प्रत्यक्ष लोकांपुढें गेला तो एकट्या आयर्लंडांत. रेमंड क्रॉटी या शेती-अर्थशास्त्रज्ञाच्या फिर्यादीवरून १९८७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला होता कीं, राष्ट्राच्या सार्वभौम अधिकारास बांधणारा तह घटनादुरुस्तीवांचून, म्हणजेच सार्वमतावांचून, सरकारास पत्करतां येत नाहीं. एका सामान्य नागरिकानें मिळविलेला हा हक्क पंचवीस वर्षांनीं फळास आला. पार्लमेंटच्या उपसमितीनें साक्षी घेतल्या, गांवोगांव वाद झडले, आणि ३१ मे रोजीं सुमारें ६० टक्के मतें तहाच्या बाजूनें पडली.

मात्र हें मत कितपत मोकळें होतें? २०१० सालीं ८५ अब्ज युरोंच्या मदत-योजनेचा आधार घेतलेल्या या देशास दुसरीही एक अट ठाऊक होती: तह नाकारणाऱ्यास युरोपच्या नव्या मदतनिधींतून १ मार्च २०१३ नंतर नवें साह्य मिळावयाचें नव्हतें. धनकोच्या दारांत उभ्या असलेल्या ऋणकोची संमति ती संमतिच. पण तिच्यांत गरजेचा वांटा किती व पटण्याचा किती, हें मतपेटी सांगत नाहीं.

जर्मनींत गोष्ट निराळी. तेथें २९ जून रोजीं दोन्ही सभागृहांनीं दोन-तृतीयांश बहुमतानें तह संमत केला; परंतु हजारों नागरिक न्यायालयांत गेले. १२ सप्टेंबर रोजीं घटना-न्यायालयानें तह अडविला नाहीं. तथापि जोडीच्या मदतनिधीबाबत जर्मनीचा बोजा पार्लमेंटच्या संमतीवांचून सुमारें १९० अब्ज युरोंपलीकडे जातां कामा नये, व निधीच्या गुप्ततेचे नियम पार्लमेंटास माहिती मिळण्याच्या आड येतां कामा नयेत, असें बजावलें. धनको राष्ट्राच्या हातीं अट घालण्याची शक्ति होती. ऋणको राष्ट्रापुढें होय किंवा नाहीं एवढेंच उरलें होतें.

१ जानेवारी २०१३ पासून तह अमलांत आला. दोन्ही देशांत लोकांस विचारण्यांत आलें तें सह्या झाल्यावर, मजकूर पक्का झाल्यावर. थैलीवरील लोकांचा अधिकार खरा ठरावयाचा असेल, तर त्यांची विचारपूस लेखणी उचलण्यापूर्वींच व्हावयास हवी.