रकान्यातली आडवी रेघ

कुंडलिका जालन्याच्या वरच्या अंगाला असते तेव्हा ती पिण्याचं पाणी असते. घाणेवाडीचा निजामकालीन तलाव याच नदीवर आहे आणि नवीन जालन्याच्या नळांना त्याचं पाणी येतं. जुना जालना एका हाताला, नवीन जालना दुसऱ्या हाताला ठेवत ती शहर ओलांडते, तोवर तिचा नाला झालेला असतो. पुढे ती दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला.

नाल्याच्या कडेला टाकलेल्या मोटारी मी लहानपणापासून पाहत आलोय. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हमखास वाहणारं पाणी एकच, शहराचं सांडपाणी. विहीर आटलेल्या माणसाने ते पालक-मेथीला दिलं, तर त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे.

सांडपाण्यातल्या जंतूंची भीती आपल्याला माहीत असते. भाजी धुतली, शिजवली की ते बरेचसे मरतात. धातू मरत नाहीत. जालन्यात हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण हे सळईचं शहर आहे. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून टीएमटी सळई बनते. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात, जुने रंग असतात. पोलाद वितळायला साधारण १,५०० अंश सेल्सिअस लागतात. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, जस्त ९०७ अंशांना. म्हणजे सळई तयार होण्याआधीच हे धातू वाफ होऊन निघतात आणि धुळीत उतरतात. ही धूळ गाळणीत पकडून नीट विल्हेवाट लावली तर ठीक. उघड्यावर पडली तर पहिल्या पावसात ती नाल्याची होते.

ती पुढे काय करू शकते, याची गोष्ट जपानने फार महागात लिहून ठेवली आहे. तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-शिशाची खाण, खालच्या अंगाला भातशेती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या बायकांना, विशेषतः लेकुरवाळ्या आणि उतारवयाकडे झुकलेल्या बायकांना, एक विचित्र दुखणं लागायला लागलं. हाडं इतकी ठिसूळ व्हायची की खोकला आला तरी बरगडी मोडायची. त्या कण्हायच्या, ‘इताई, इताई’. आपल्याकडे म्हणाल्या असत्या, ‘आई गं, आई गं’. तेच रोगाचं नाव पडलं.

बराच काळ दोष कुपोषणाला, कष्टाला, बाळंतपणांना दिला गेला. नोबोरु हागिनो या स्थानिक डॉक्टरने बोट दाखवलं ते खाणीतून नदीत, नदीतून भातात आणि भातातून मूत्रपिंडात गेलेल्या कॅडमियमकडे. १९६८ मध्ये सरकारने ते मान्य केलं. १९७१ मध्ये रुग्ण खटला जिंकले, १९७२ मध्ये अपिलातही जिंकले. प्रदूषित शेतांची माती गाडून वर स्वच्छ माती घालण्याचं काम मात्र २०१२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून जास्त चाललं.

आता १९७० हे साल बघा. त्या वर्षी जपानने शेतजमिनीच्या प्रदूषणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जलप्रदूषण रोखणारं मंडळ स्थापन झालं, केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्याच्याही आधी. आपण उशिरा जागे झालो असं म्हणायची सोय नाही. फरक पडला तो पुढे.

१९९३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण नियमांना सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं जोडली गेली. त्या तक्त्यात चार रकाने आहेत: नदी-तलाव, गटार, सिंचनाची जमीन आणि समुद्रकिनारा. शिशासमोर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये नदीसाठी ०.१ आहे, गटारासाठी १. कॅडमियमला नदीसाठी २, गटारासाठी १. सिंचनाच्या रकान्यात आर्सेनिकला ०.२ ची मर्यादा आहे. शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम यांच्यासमोर तिथे नुसती आडवी रेघ आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे शून्य आणि ‘नल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. ‘नल’ म्हणजे तिथे कुणी काही भरलंच नाही. दोन्हींना एकच समजलं की प्रोग्राम कोसळतो. ही आडवी रेघ ‘नल’ आहे, आणि आपण ती शून्य म्हणून वाचतोय.

तीच गत मृदा आरोग्य पत्रिकेची. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा बाबी तपासतात. जस्त आणि तांबं त्यात आहेत, पण पिकाला ते कमी पडतात का हे पाहायला. शिसं आणि कॅडमियम यादीतच नाहीत.

आपली काळी माती चुनखडीची, चिकट आणि अल्कधर्मी आहे. ती कॅडमियम घट्ट धरून ठेवते, पिकाला सहजासहजी देत नाही. हा दिलासा खरा आहे, पण धरून ठेवणं म्हणजे साठवणंसुद्धा. दर हंगामाचं पाणी त्या साठ्यात थोडी भर घालतं, आणि पालेभाज्या हे धातू इतर पिकांपेक्षा जास्त ओढतात.

जिंझूकाठच्या लोकांनी खटल्यातून पैशांपेक्षा मोठी एक गोष्ट मिळवली. दरवर्षी आपले तज्ज्ञ घेऊन खाणीत शिरायचा आणि तपासणी करायचा हक्क. १९७२ च्या करारापासून तो वापरला जातोय आणि नदीतलं कॅडमियम जवळपास नैसर्गिक पातळीवर आलं आहे. तिथे मोजपट्टी खालच्या अंगाच्या माणसांच्या हातात गेली.

कुंडलिकेच्या खालच्या अंगाला ती अजून पोचायची आहे. पाणी, माती आणि पानं, तिन्हींचे आकडे दर हंगामाला गावाच्या फलकावर लागले पाहिजेत, आणि आकडा वाईट निघाला तर भुर्दंड शेतकऱ्याच्या माथी पडता कामा नये. नाहीतर कोणता शेतकरी आपली मेथी तपासायला देईल?