साखर उतरली, पण फायदा झाला का?

आमच्या इंदिरानगरातील एखाद्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ थांबले, की मधुमेहाच्या गोळ्या घेणारे तीन-चार जण तरी दिसतातच. त्यांच्यापैकी कुणीतरी हमखास विचारतो, ‘यातली चांगली गोळी कोणती?’ प्रश्न साधा आहे. पण ‘चांगली’ कशावरून ठरवायची, हे कळायला वैद्यकशास्त्राला अर्धे शतक लागले.

१९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जांबों विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. त्यातील काहींच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरली. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, असे ओग्युस्त लुबातिएर यांनी दाखवले. यातूनच पुढे सल्फोनिलयुरिया गटातील टोलब्युटामाइड ही गोळी आली. १९५७ साली जाँ स्टेर्न यांनी मेटफॉर्मिनचा उपयोग प्रसिद्ध केला. हे औषध मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. मार्ग वेगळे असले तरी साखर दोन्ही गोळ्यांनी उतरे. म्हणून दोन्ही चांगल्या, असा समज होता.

त्याला धक्का बसला १९७० मध्ये. अमेरिकेत बारा केंद्रांवर सुरू झालेल्या चाचणीत टोलब्युटामाइड घेणाऱ्या २०४ जणांपैकी २६ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावले. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या २०५ जणांपैकी १० दगावले. यावर वर्षानुवर्षे वाद झाला. मेटफॉर्मिनचे भावंड असलेल्या फेनफॉर्मिनने रक्तातील आम्लता जीवघेणी वाढते, हेही लक्षात आले. अमेरिकेने ते १९७७ मध्ये थांबवले. भारतात बंदी यायला २००३ साल उजाडले.

१९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ चाचणीचे निष्कर्ष आले. वजन जास्त असलेल्या रुग्णांत मेटफॉर्मिनने साखर इतर औषधांइतकीच उतरली होती. मात्र केवळ आहारावर ठेवलेल्या गटाच्या तुलनेत मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे साखरेचा आकडा सारखा असूनही परिणाम सारखा नव्हता. सल्फोनिलयुरियांनाही पुढे न्याय मिळाला. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत ग्लिमेपिराइडने लिनाग्लिप्टिनच्या तुलनेत हृदयाचा धोका वाढवला नाही. साखर फार खाली जाण्याचे प्रसंग मात्र अधिक आले.

लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी हृदयविकार असलेल्या सुमारे सात हजार रुग्णांवर झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले. दोन गटांतील साखरेत फरक थोडाच होता, पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. याच गटातील रेमोग्लिफ्लोझिन २०१९ मध्ये जगात प्रथम भारतात, मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने बाजारात आणले. डापाग्लिफ्लोझिनशी त्याची तुलना झाली ती २४ आठवडे, आणि मुख्यतः साखरेवर. हृदयावरचा परिणाम कळायला एवढा काळ पुरत नाही.

रुग्णासाठी गोळी निवडताना डॉक्टर मूत्रपिंड, हृदय, वजन आणि खिसाही पाहतात. ती निवड त्यांच्यावर सोडावी. पण ‘नवे औषध अधिक गुणकारी’ अशी बातमी आली, तर वर्गात तीन प्रश्न जरूर विचारावेत: काय मोजले? किती काळ? कशाच्या तुलनेत?